‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

संगणकावरच्या किंवा मोबाइलमधल्या संगीतसंग्रहात एखाद्या गाण्यासमोर चुकीचे नाव दिसले, की आपण त्याला तांत्रिक गफलत म्हणतो आणि पुढचे गाणे लावतो. मराठी गाण्यांपुरते बोलायचे तर हा समज मुळातून तपासायला हवा. कवीचे नाव गळणे, एकाची रचना दुसऱ्याच्या नावावर चढणे, ज्ञात कर्त्याच्या गाण्याला ‘पारंपरिक’ म्हणणे, हे सारे कर्तृत्वाचे प्रश्न आहेत. कर्तृत्वाचा प्रश्न हा वाङ्मयाच्या अभ्यासाचा प्रश्न असतो. तेव्हा या चुकांची जबाबदारी संगणकवाल्यांवर टाकून मराठीच्या प्राध्यापकांनी नामानिराळे राहावे, हे मला मान्य नाही.

आधी चुकांचे स्वरूप पाहू. पहिली चूक रिकाम्या रकान्याची. गाण्याचे नाव असते, गायकाचे असते, संग्रहाचे असते, क्वचित संगीतकाराचेही असते. गीतकार मात्र कुठेच नसतो. दुसरी चूक अख्ख्या संग्रहाला एकच नाव डकवण्याची. ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात सुरेश भट आणि वसंत बापट अशा दोघांच्या रचना आहेत. संग्रहाच्या पातळीवर एकच गीतकार नोंदवला की दुसऱ्याच्या कविता पहिल्याच्या खात्यात जमा होतात. तिसरी चूक वर्षाची. संकलन ज्या वर्षी बाजारात आले तेच गाण्याचे वर्ष म्हणून लागते, आणि पन्नाशीच्या दशकातले भावगीत एकविसाव्या शतकातले ठरते. चौथी चूक रोमन लिपीची. तिच्यात ‘माला’, ‘माळा’, ‘मळा’ आणि ‘मला’ हे चारही शब्द एकाच वेशात उभे राहतात. पाचवी चूक सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत घातक आहे. ती म्हणजे ‘पारंपरिक’ हा शिक्का. तिच्याकडे पुढे येऊ.

या चुका उगवतात कुठून? ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावे सहसा नसतातच. तिथे असतो तो आवाज, आणि कोणता भाग कुठे सुरू होतो याचे कोष्टक. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सीडीडीबी’ या माहितीसाठ्याने या कोष्टकालाच ओळखपत्र मानले. कुणीतरी एकाने आपल्या सीडीची नावे टंकून पाठवायची, आणि तेच कोष्टक असलेली सीडी जगात कुठेही संगणकात घातली की तीच नावे उमटायची. ज्याने प्रथम टंकले त्याच्या स्मरणशक्तीवर, घाईवर आणि अज्ञानावर पुढच्या सर्वांची माहिती उभी राहिली. क्वचित दोन वेगळ्या सीडींची कोष्टके जुळत आणि एकीच्या गळ्यात दुसरीची नावे पडत.

एमपीथ्री धारिकेची कथा याहून बोलकी आहे. १९९६ मध्ये आलेल्या ‘आयडीथ्री’ या नोंदपद्धतीत धारिकेच्या शेवटी १२८ बाइटांची जागा ठेवली होती. गाण्याच्या नावाला तीस, कलाकाराला तीस, संग्रहाला तीस, वर्षाला चार, टिप्पणीला तीस आणि संगीतप्रकाराला एक. गीतकाराला शून्य. संगीतकारालाही शून्य. प्रकारांच्या मूळ यादीत ऐंशी नावे होती. त्यांत पोल्का होता, भावगीत आणि अभंग अर्थातच नव्हते. ती जागा लॅटिन अक्षरांसाठी आखलेली असल्याने देवनागरी तिथे नीट बसतही नव्हती. मात्र १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत संगीतकारासाठी आणि गीतलेखकासाठी वेगवेगळे रकाने दिले गेले. म्हणजे गेली पंचवीसहून अधिक वर्षे गीतकाराच्या नावाची जागा उपलब्ध आहे. ती रिकामी आहे, कारण ती भरावी असे कुणाला वाटले नाही. आता यात तंत्रज्ञानाचा दोष किती आणि आपला किती, ते वाचकांनीच ठरवावे.

त्या १२८ बाइटांमागे गाण्याविषयीची एक विशिष्ट धारणा आहे. गाणे एका ‘कलाकाराचे’ असते, तोच ते लिहितो, तोच चाल लावतो आणि तोच गातो, असे तिथे गृहीत धरलेले आहे. पाश्चात्त्य रॉक संगीतातल्या अनेक गायकांपुरते ते खरे असेल. मराठी भावगीत तीन माणसांचे असते: कवी, संगीतकार आणि गायक. नाट्यपदाच्या बाबतीत चौथा कर्ता म्हणजे मूळ बंदिश, जिच्यावर पद बेतलेले असते. ‘मानापमान’ (१९११) मधले पद ऐकताना खाडिलकरांचे शब्द आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली या दोन गोष्टी आहेत. रंगभूमीवर गाणारा गळा ही तिसरी. या तिहेरी रचनेला ‘कलाकार’ नावाच्या एका खणात कोंबले की सर्वांत आधी बाहेर फेकला जातो तो शब्दांचा धनी. आपण अध्यापक हा नियम वर्गात ‘साहित्य आणि माध्यमांतर’ या मथळ्याखाली शिकवतो, आणि घरी येऊन त्याच खणातून गाणी ऐकतो.

खरे तर कर्त्याची ओळख कलाकृतीच्या आतच जपण्याची रीत आपल्या परंपरेला परकी नाही. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ या नाममुद्रा म्हणजे काय? कागद फाटला, वही हरवली, गाणारा बदलला, तरी कर्ता ओळखू यावा म्हणून रचनेच्या अंगातच विणलेली ती नोंद आहे. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आपल्या गाण्यांत ‘वामन’ गुंफला तोही याच वाटेने. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीही हेच घडले. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तिने शेवटी आपले नाव स्वतः उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत; तिथल्या कामगारांना लेबल लावताना गाणे कुणाचे ते कळावे, हा त्यामागचा व्यवहार. आकाशवाणीने पुढे गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगण्याची शिस्त श्रोत्यांच्या कानांना लावली. ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या पिढीला गदिमा आणि पी. सावळाराम हे कवी पाठ्यपुस्तकातून कळण्याआधी निवेदकाच्या तोंडून कळले होते. ते निवेदन गेले आणि त्याच्या जागी पडद्यावर सरकणारी एक ओळ आली. तिच्यात कवीला जागा नाही.

अन्याय कायम एकाच बाजूने होतो असेही नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणाऱ्या लता मंगेशकर तिथे नव्हत्या. पार्श्वगायकांनी आपले नाव मिळवले ते आग्रह धरून. आज त्याच गायकांच्या नावाखाली कवी झाकला जातो आणि आग्रह धरणारे कुणी उरले नाही. कारण बहुतेक कवी हयात नाहीत आणि त्यांच्या वतीने बोलण्याचे काम ज्यांचे, ते आपण ‘यातले आपल्याला काही कळत नाही’ म्हणून गप्प आहोत.

आता ‘पारंपरिक’कडे येतो. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तन, पाली, चौक या किनारी गावांत कोळी आणि ईस्ट इंडियन समाजाची वस्ती आहे. त्यांची स्वतःची लग्नगीते आहेत, त्यांची बोली आहे आणि त्यांतल्या पुष्कळ गाण्यांचा कर्ता खरोखरच अज्ञात आहे. तिथल्या हळदीच्या मांडवात त्या गाण्यांच्या पाठोपाठ ‘मी डोलकर’ही वाजते. ते गाणे शांता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीतबद्ध केले, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायिले. कोळीवाड्याने ते आपले मानले, हा शांताबाईंचा सन्मान आहे. पण कुणाच्या तरी यादीत त्यापुढे ‘पारंपरिक कोळीगीत’ असे लागले की एका शिक्क्यात दोघांचे नुकसान होते. शांताबाईंची रचना त्यांच्याकडून जाते. शिवाय कोळ्यांची जी खरी मौखिक गाणी आहेत, ज्यांना कुणी अजून धड नोंदवलेलेही नाही, त्यांची जागा एक साहित्यिक गीत अडवून बसते. उत्तनमधून येणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या आजीच्या ओठांवरचे गाणे कोणते आणि रुईयात मराठी शिकवणाऱ्या एका कवयित्रीने लिहिलेले कोणते, हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

याहून गंभीर उदाहरण सोयराबाईंचे. ‘अवघा रंग एक झाला’ हा अभंग किशोरी आमोणकरांच्या स्वरात घरोघरी पोहोचला. त्याची कर्ती सोयराबाई. चोखामेळ्याची पत्नी, चौदाव्या शतकातली महार जातीतली स्त्री. अभंगाच्या अखेरीस ती स्वतःचा उल्लेख करते तो चोखोबाच्या नात्याने आणि आपल्या जातीच्या नावाने. ज्या काळात तिला देवळाच्या पायरीवर जागा नव्हती, त्या काळात तिने आपली खूण शब्दांत ठेवली. आपल्या काळात तिच्यापुढे ‘पारंपरिक’ असे लिहिणारा माणूस दुष्ट नसतो. तो फक्त आळशी असतो. परंतु सातशे वर्षे टिकलेले नाव जर आपल्या एका आळसाने पुसले जात असेल, तर त्या आळसाला निरागस म्हणता येत नाही. ‘पारंपरिक’ची किंमत कुणाला मोजावी लागते, तेही पाहावे. ज्यांच्यामागे घराणे, प्रकाशक किंवा संस्था उभी आहे त्यांची नावे तुलनेने शाबूत राहतात. गळतात ती बायकांची, दलितांची, तमाशाच्या फडासाठी लिहिणाऱ्यांची आणि जलशातल्या शाहिरांची.

नावांचे घोळ हा आणखी एक प्रांत. मराठी संगीतातले वसंत मोजा. वसंत देसाई, वसंत प्रभू, वसंत पवार हे संगीतकार. वसंतराव देशपांडे गायक. वसंत बापट कवी. वसंत कानेटकर नाटककार, ज्यांच्या ‘मत्स्यगंधा’तली (१९६४) पदे आपण गुणगुणतो. सातवा वसंत तर शांताबाईच, कारण काही चित्रपटगीते त्यांनी ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. यंत्राला हे सात वसंत वेगळे कळत नाहीत, आणि एकच माणूस दोन नावांनी वावरतो हेही कळत नाही. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर त्याच्या लेखी दोन व्यक्ती. त्यांतली पहिली बाई आहे असे समजणारा अजाण रसिक तर मी पाहिला आहे. ‘ग्रेस’ रोमन लिपीत गेले की इंग्रजी मुलीचे नाव होते. माणिक गोडघाटे त्यात सापडत नाहीत. ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाचे संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकर. तिथे संगीतकाराच्या रकान्यात काय लिहायचे? टोपणनाव धारण करणाऱ्याची इच्छा महत्त्वाची, की अभ्यासकाची सोय? हा प्रश्न सूचिशास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तरही तिथेच आहे: कलाकृतीवर जे नाव होते ते द्यावे आणि मूळ नावाकडे निर्देश करावा. ग्रंथालयात आपण हे करतो. गाण्याच्या बाबतीत मात्र तीच शिस्त आपल्याला अतिरेकी वाटते.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप येतात. पहिला रसिकांचा: गाणे कानाला गोड लागले की झाले, नाव घेऊन काय करायचे? आनंदापुरते हे ठीक आहे. ज्याचा आनंद घेतला त्याचे नाव जाणण्याची उत्सुकता हा मात्र त्याच आनंदाचा भाग असतो, ‘कवी कोण?’ हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडतो. दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायातला आणि अधिक नामी आहे. रोलाँ बार्तने १९६७ मध्येच लेखकाचा मृत्यू जाहीर केला, मग आता लेखकाच्या नावाचा हट्ट कशाला? बार्तचे म्हणणे अर्थनिर्णयाविषयी होते. लेखकाच्या हेतूला अंतिम प्रमाण मानू नका, एवढे सांगणाऱ्याने लेखकाचे नाव मुखपृष्ठावरून खरवडा असे सांगितले नव्हते. त्याचा तो निबंधही आपण त्याच्याच नावाने उद्धृत करतो. शिवाय इथे लेखक मेला आणि सत्ता वाचकाकडे गेली असेही झालेले नाही. ती गेली गायकाच्या छायाचित्राकडे आणि ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीकडे.

तिसरा आक्षेप आजचा: आता यंत्रेच आवाज ओळखून माहिती भरतात, थोड्याच दिवसांत सारे आपोआप दुरुस्त होईल. आवाजाचा ठसा जुळवून नावे भरणारी साधने आहेत, हे खरे. पण ती नावे आणतात कुठून? आधीच्या साठ्यातून. तिथे चूक दहा ठिकाणी असेल आणि बरोबर नोंद एका ठिकाणी, तर बहुमत चुकीचे. सुमन कल्याणपूर यांच्या गाण्यांवर लताबाईंचे नाव लागण्याचा घोळ जुना आहे. दोघींच्या आवाजातले साम्य त्याला कारण. कुणा एकाच्या कानाने केलेली ती चूक शंभर धारिकांवर नकलली गेली, की यंत्राला ती शंभर साक्षीदारांची साक्ष वाटते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे नवे नाही. एकाच भ्रष्ट प्रतीवरून उतरवलेल्या शंभर प्रती म्हणजे शंभर पुरावे नव्हेत, तो एकच पुरावा, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र आहे.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा सुरक्षित झाला. तो वाटप करणारी संस्था पैसे पाठवणार कुणाला? नोंदीत ज्याचे नाव असेल त्याला. त्याच दुरुस्तीने कलम ६५ब आणले. कर्त्याची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढणे वा बदलणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कलम ५७ लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते. पण कायद्यातही एक भगदाड आहे. ध्वनिमुद्रणावर काय छापावे हे सांगणारे कलम ५२अ निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष मागते. कवीचे नाव ते मागत नाही. जे मुळात लिहिलेच नाही ते पुसल्याचा गुन्हा कसा होणार? ही दुरुस्ती मागायला साहित्य संस्थांनी आपले वजन का वापरू नये?

मराठीचा अभिमान आमच्या शहराला ठाऊक नाही असे कुणी म्हणणार नाही. ८ जुलै २०२५ रोजी मीरा रोडला मराठीच्या मुद्द्यावर मोर्चा निघाला आणि त्याची बातमी देशभर झाली. त्या वादातल्या बाजू तोलणे हा या लेखाचा विषय नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयांतून पेढेही वाटले गेले. माझा प्रश्न एवढाच आहे, की ज्या भाषेसाठी आपण रस्त्यावर येतो आणि पेढे वाटतो, त्या भाषेच्या कवींची नावे आपल्याच खिशातल्या यंत्रातून रोज गळत असताना आपल्याला काहीच कसे टोचत नाही? भाषेची अस्मिता घोषणेत जितकी असते त्याहून अधिक तिच्या नोंदींत असते. दुकानाच्या पाटीवर देवनागरी हवी, आणि गाण्याच्या नोंदीत सोयराबाई नसली तरी चालेल, ही कसली अस्मिता?

उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही प्रतींत शिरलेल्या अपपाठांचाच प्रश्न होता. आपल्याला करायचे ते त्याच जातीचे काम आहे. गाण्याच्या नोंदीची शंका आली की आधी मूळ तबकडीचे लेबल किंवा वेष्टन पाहावे. मग कवीचा छापील संग्रह पाहावा. कविता तिथे असेल तर कर्ता निश्चित होतो आणि गाताना गाळलेली कडवीही कळतात. चित्रपटाची श्रेयनामावली, नाटकाची छापील संहिता, आकाशवाणीच्या नोंदी हे पुढचे पुरावे. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासह अनेकांनी गायिली होती; सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या स्वरातले मुद्रण नंतरचे. म्हणून ‘कोणते मुद्रण?’ हा प्रश्नही विचारावाच लागतो. गाण्याचे नाव देवनागरीत लिहावे. वर्ष पहिल्या प्रकाशनाचे द्यावे. टिप्पणीच्या जागेत पुरावा कुठला ते नोंदवावे. पुरावा नसेल तर ‘अज्ञात’ लिहावे. ‘अज्ञात’ म्हणजे आम्ही शोधले, सापडले नाही. ‘पारंपरिक’ म्हणजे शोधायचे कारणच नाही. पहिल्या शब्दाने शोधाचे दार उघडे राहते, दुसऱ्याने ते लागते.

हे काम काही वेड्या माणसांनी आधीच आरंभलेले आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या तबकडीसंग्राहकांच्या संस्थेने जुन्या मुद्रणांची माहिती जमवली. ‘आठवणीतली गाणी’सारख्या संकेतस्थळाने प्रत्येक गीताखाली कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे देण्याचा दंडक पाळला. यांतले बहुतेक काम विद्यापीठांच्या बाहेर झाले, ही आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नव्हे.

तेव्हा मागणी अशी. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या अंतर्गत मूल्यमापनात दरवर्षी त्याच त्या दहा कादंबऱ्यांच्या आस्वादाऐवजी एका विद्यार्थ्याला पंचवीस गाणी द्यावीत. प्रत्येकाचा कर्ता, पहिले मुद्रण आणि पाठभेद त्याने पुराव्यानिशी निश्चित करावेत आणि ती नोंद खुल्या माहितीसाठ्यांत घालावी. उत्तनच्या मुलीने आपल्या गावातली लग्नगीते गाणाऱ्या बाईच्या नावासह नोंदवावीत. एका महाविद्यालयाने तीन वर्षे हे केले तर हजारभर गाणी शुद्ध होतील. मराठी विभागांत विद्यार्थी कमी झाले, काम उरले नाही, अशी तक्रार आपण वरचेवर करतो. हे काम आपली वाट पाहत आहे आणि त्याला अनुदान लागत नाही. गीतकाराचा रकाना १९९८ पासून रिकामा आहे. तो कुणी भरायचा, याविषयी आता तरी दुमत नसावे.